ठोकळ्यांचं पाणी

घर बांधायची पदवी असते, हे आमच्या गवंड्यांच्या पचनी पडायला चार वर्षं लागली. तोवर पोरीची पदवी अगदी हातातोंडाशी आली होती.

गवंडी म्हणजे आमचे हे. तीस वर्षं हातात थापी आणि तोंडात शिव्या. मी त्यांच्याच हाताखाली घमेली वाहत आले, लग्नाच्या दुसऱ्या महिन्यापासून. माझ्या टाळूवरचे केस विरळ झालेत ते त्या घमेल्यांनी, वयाला उगाच दोष देऊ नये. पोरगी एकच. लहानपणी बापाचा मोजायचा टेप घेऊन गल्लीभर हिंडायची, एकदा कुत्र्याची शेपटी मोजायला गेली आणि चावून घेऊन आली, तेव्हापासून सगळे तिला टेप म्हणायला लागले. बारावीला बरे मार्क पडले तेव्हा तिच्या बाईंनीच सांगितलं, विद्यापीठात घरबांधणी आणि वसाहत विकास असा चार वर्षांचा अभ्यासक्रम निघालाय, हिला तिथं घाला. नुसत्या भिंती शिकवत नाहीत म्हणे. जमीन कशी पारखायची, सांडपाणी कुठून काढायचं, शंभर घरांची वसाहत कशी मांडायची आणि मग ती लोकांच्या गळ्यात कशी मारायची, सगळं शिकवतात.

गवंडी हसले. म्हणाले, "मग मी तीस वर्षं काय वारुळं बांधली?"

उठताबसता हेच चाललं. चहा उकळायला ठेवला की विचारायचे, याची पदवी कुठं मिळते गं. चप्पल शिवायला टाकली तरी चांभाराला विचारून आले, तू कुठल्या विद्यापीठाचा. पण पोरगी हटेना, आणि खरं सांगायचं तर मलाही ती हटायला नको होती. माझ्या पोरीनं घमेलं उचलू नये, एवढीच माझी अक्कल. तिला धाडली.

मग एका वर्षात दोन गोष्टी झाल्या. गवंड्यांचा उजवा गुडघा गेला. शिडी चढताना कटकन वाजायचा आणि मग दिवसभर सुजून राहायचा. आणि वरच्या ऑफिसनं नियम काढला, की यापुढं घराच्या कागदावर पदवीवाल्याची सही असल्याशिवाय पायाला कुदळ लावायची नाही. ज्यांच्या बापजाद्यांची घरं आम्ही बांधली, ती माणसं एका जीपवाल्या इंजिनियरकडं जायला लागली. नाइलाज म्हणून गवंडीसुद्धा त्याच्याकडंच रोजावर जायला लागले. तिथं त्यांना "ए म्हाताऱ्या" म्हणून हाक मारायचे. एकदा त्यांनी लावलेली सरळ भिंत त्यांच्याच हातानं पाडायला लावली, कारण सुपरवायझरनं नकाशा उलटा धरला होता. त्या संध्याकाळी ते जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी बूट घालता घालता मला म्हणाले, टेप पास झाली की सही आपल्या घरात येईल, मी खुर्ची टाकून बसेन, काठीनं दाखवीन, आणि ती सही करेल. त्या दिवसापासून चहाची चेष्टा बंद झाली.

शेवटच्या सहामाहीची परीक्षा कागदावर नव्हती. प्रत्येकानं एक खरंखुरं घर उभं करायचं, एका खोलीचं का होईना, कागदावर सही विद्यापीठाची. आखणीपासून छपरापर्यंत सगळं आपल्या देखरेखीखाली. रोजची डायरी लिहायची आणि रोज खाली सही करायची. ज्या दिवशी स्लॅब पडेल त्या दिवशी त्याच काँक्रीटचे सहा ठोकळे साच्यात ओतून ठेवायचे, दुसऱ्या दिवशी साच्यातून काढून अठ्ठावीस दिवस पाण्यात बुडवायचे, आणि मग विद्यापीठातल्या यंत्राखाली फोडून बघायचे, किती वजनाला फुटतात ते. ठोकळा पक्का तर स्लॅब पक्का, असा त्यांचा हिशोब.

घर कुणाचं, हा प्रश्नच नव्हता. वन्संचं. वन्सं म्हणजे गवंड्यांची थोरली बहीण. नवरा गेल्यापासून आमच्या मागच्या अंगाला पत्र्याच्या खोपटात राहत होत्या. उन्हाळ्यात त्या पत्र्याखाली दुपारी बसता यायचं नाही, मग आमच्या दारात येऊन बसायच्या, तेही उंबऱ्याच्या बाहेर. अकरा वर्षं त्यांनी विटा जमवल्या होत्या. कुठं घर पाडलं की या पिशवी घेऊन हजर. विटेला चिकटलेला जुना चुना बसून बसून खरवडायच्या, की वीट नव्यासारखी. त्यांच्या नखांखाली कायम लाल असायचं. टेपनं त्यांना सांगितलं, आत्या, माझ्या परीक्षेत तुझं घर होईल, तेव्हा त्यांनी तिचे दोन्ही हात धरले आणि म्हणाल्या, मग तू पास होशीलच, माझ्या विटा चांगल्या आहेत.

घर उठलं. दहा बाय बारा. टेप सकाळी दोरी लावायची, संध्याकाळी ओळंब्यानं भिंत तपासायची आणि डायरीत लिहायची. गवंडी सुट्टीच्या दिवशी आणि कामावरून आल्यावर विटा लावायचे, आणि बाप-लेकीचं रोज वाजायचं. ती म्हणायची खिडकी इकडं हवी, वारा त्या अंगानं येतो. हे म्हणायचे, वारा मला शिकवतेस का. शेवटी खिडकी ती म्हणेल तिथंच लागायची, आणि पाठ फिरली की हे मला हळूच सांगायचे, पोरगी बरोबर आहे गं. मी घमेली वाहत होते आणि माझ्या पायाखाली जमीन हलकी लागत होती. इतकी वर्षं दुसऱ्यांसाठी वाहिली, हे पहिलं घमेलं आपल्यांसाठी होतं.

यंदा पाणी मात्र नव्हतं. विहिरी मार्चातच तळाला गेल्या. टँकर चार दिवसांनी यायचा आणि घरटी आठ हंडे मिळायचे. तरी आम्ही साठवून साठवून स्लॅबपुरतं पाणी केलं. स्लॅब पडला त्या दिवशी ऊन असं होतं की घमेल्याची कड हाताला चटके देत होती. गवंडी गुडघ्याला फडकं बांधून वर चढले आणि संध्याकाळपर्यंत उतरले नाहीत. टेपनं सहा साचे भरले, सळईनं टोचून टोचून ठासले. दुसऱ्या दिवशी ठोकळे बाहेर काढले, गुळगुळीत, सहा इंच लांबीरुंदीचे, प्रत्येकाला आठ किलो वजन. आमच्या दारातल्या पिंपात पाणी भरून तिनं ते अलगद आत सोडले. स्लॅबवर तिनं मातीचे बारीक बांध घालून वाफे केले आणि पाण्यानं भरले.

तिसऱ्या दिवशी तिला जायचं होतं. बाकीचे पेपर होते, तीन आठवडे तिकडंच. जाताना मला वर नेऊन दाखवलं, हे वाफे सुकू द्यायचे नाहीत, निदान चौदा दिवस. काँक्रीट पाणी पिऊनच घट्ट होतं. मग पिंपाकडं बोट दाखवून हसली आणि म्हणाली, "आई, यांना जप बरं का. माझी पदवी या सहा जणांच्या हातात आहे."

ती हसत म्हणाली. मी मात्र ते गाठीला बांधून ठेवलं.

चौथ्या दिवशी टँकर आला नाही. पाचव्या दिवशीही नाही. कळलं, की त्याचा रस्ता बदललाय, वरच्या वसाहतीला आधी पाणी द्यायचंय. आमच्याकडं घरात तीन हंडे आणि दारात ते पिंप. स्लॅबवरचे वाफे पहिल्या दुपारीच आटले. मी अर्धा हंडा वर नेऊन शिंपडला, तर चर्र आवाज झाला आणि मी उतरेपर्यंत डाग उरला नाही. दुसऱ्या दिवशी एक तांब्या नेला. त्यानंतर गेलेच नाही.

गवंडी पहाटे जायचे आणि दिवे लागल्यावर यायचे. गुडघा इतका सुजला होता की शिडीकडं बघायचेसुद्धा नाहीत. दारातूनच विचारायचे, स्लॅबला पाणी घातलं का. मी म्हणायचे, घातलं. सातच्या सुमाराला पोरीचा फोन यायचा, तिचाही तोच प्रश्न. मी म्हणायचे, दोन वेळा घातलं, तू तुझा अभ्यास कर. ती म्हणायची, बरं, लिहिते मग डायरीत. मला वाटायचं, खरं सांगितलं तर पेपर टाकून पळत येईल. आणि येऊन तरी काय करणार होती? आभाळातून पाणी पाडणार होती? असं मी मला समजवायचे. पण त्याच्या तळाशी दुसरंच होतं. परीक्षा त्या पिंपात आहे आणि स्लॅबचं काय, तो बापानं ओतलाय, तो धरेलच, असं मला आतून वाटत होतं.

सहाव्या दिवशी वन्सं आल्या. पिंपाजवळ उभ्या राहिल्या. आत ठोकळे शांत बसले होते आणि वर वीतभर पाणी होतं. म्हणाल्या, "वहिनी, यातले दोन हंडे वर नेऊ का गं? यांच्या अंगावरून अजून चार बोटं पाणी राहील. वर पाऊल ठेवलं तर चटका बसतोय."

बोलणं अगदी वाजवी होतं. दोन हंडे काढले असते तरी ठोकळे बुडालेलेच राहिले असते. पण मला त्या क्षणी ती बाई माझ्या पोरीच्या ताटातलं उचलतेय असं वाटलं. मी म्हटलं, ते पाणी परीक्षेचं आहे, त्याला हात लावायचा नाही. त्या म्हणाल्या, मग माझ्या भावालाच विचारू का?

"विचारा की," मी म्हटलं. "मग उद्यापासून तुमचं फुकटचं घर कोण बांधतं, तेही विचारा."

वन्संनी हात कपड्याला पुसले आणि गेल्या. दुपारी मी दारातून बघितलं, त्या डोक्यावर हंडा घेऊन रस्त्यानं येत होत्या. गाड्या धुण्याच्या दुकानातून वापरलेलं पाणी मागून आणलं होतं, वर फेस तरंगत होता. पंचावन्न वर्षांची बाई, एका हातानं शिडी धरून, एका हातानं हंडा तोलून चढली. मी पिंपापाशी बसले होते. उठले नाही. वर ओतल्याचा आवाज आला आणि लगेच थांबला. दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा गेल्या तर दुकानदारानं हाकलून दिलं, म्हणाला, रोज काय लावलंय. हे मला शेजारणीकडून कळलं. वन्संनी ना मला सांगितलं, ना भावाला.

पिंपातलं पाणी उन्हानं बोटभर खाली गेलं तेव्हा मी आमच्या प्यायच्या हंड्यातून ते पुन्हा वर आणलं. रात्री कोरड पडली की गवंडी अर्धा पेला पिऊन झोपायचे. तसल्या दिवसांतसुद्धा पिंप काठोकाठ होतं. मी त्यावर ओलं पोतं टाकायचे, त्याच्या चारी बाजू खोचायचे.

बाराव्या दिवशी टँकर आला. मी धावत धावत हंडे भरले आणि पहिले चार वर नेले. पाणी ओतलं तर स्लॅब ते गटागटा प्याला, आणि मग ओल्या अंगावर भेगांची जाळी उमटली, केसासारखी बारीक, तळं आटल्यावर दिसते तशी. मी गवंड्याची बायको, मला काय करायचं ते पक्कं ठाऊक होतं. खाली आले, उरलेल्या गोणीतलं सिमेंट पातळ कालवलं, आणि जुन्या फडक्यानं सगळ्या स्लॅबवर हात फिरवला. वाळल्यावर असा करडा, एकसारखा, देखणा दिसायला लागला, की कुणीही शाबासकी द्यावी.

सत्ताविसाव्या दिवशी टेप आली, तिचे सर गाडी घेऊन आले. सर माणूस वाईट नव्हता. बाटलीतलं पाणी पिताना त्यांनी आमच्याकडं पाठ केली, एवढी लाज त्यांना होती. टेप वर जाऊन बघून आली, म्हणाली, आई, छान ठेवलास. ठोकळे गाडीत चढवताना मी एकेक उचलून दिला. दुसऱ्या दिवशी दुपारी सर आणि ती दोघं परत आली तेव्हा ती गाडी थांबायच्या आधीच उतरली. यंत्रावर ठोकळ्यांच्या ताकदीचे वीस यायला हवे होते, अठ्ठावीस आले होते. वर्गात एवढे कुणाचेच नव्हते. गवंड्यांनी त्या दिवशी रजा घेतली होती. त्यांनी पोरीच्या डोक्यावर थापीसारखा तळवा ठेवला आणि बराच वेळ उचललाच नाही. मला रडू फुटलं. मला वाटलं, निभावलं, बाई, निभावलं.

सर म्हणाले, आता छताखालचे टेकू काढा, मला फोटो घ्यायचेत. वन्सं आपली अंथरुणाची वळकटी घेऊन दारात येऊन उभ्या होत्या, टेकू निघाले की ठेवायला.

गवंडी हातोडी घेऊन आत गेले. पहिल्यांदा टेकूला हात लावायच्या आधी त्यांनी हातोडीच्या मुठीनं छताला खालून ठोकलं, सवयीनं. आवाज बद्द आला. पुन्हा दुसरीकडं ठोकलं. बद्द. पक्का स्लॅब खणखणतो, हे मला काय, वन्संनाही माहीत होतं. गवंड्यांनी माझ्याकडं बघितलं. मी वाळूकडं बघितलं. ते सरांना म्हणाले, अजून आठ दिवस राहू देत का टेकू? सर म्हणाले, अठ्ठावीस आलेत हो, अजून काय हवं. टेप पुढं आली.

"बाबा, तुम्हाला काय वाटतं?"

मी अजूनही तिथंच उभी राहते मनातल्या मनात. तेव्हा तोंड उघडलं असतं तरी चाललं असतं. टेकू उभेच राहिले असते, पुढचं पुढं. पण मी वाळूकडंच बघत राहिले. आणि गवंडी, तीस वर्षांत कुणाच्या बापाला ज्यांनी भिंतीबद्दल बोलू दिलं नाही ते गवंडी, पोरीकडं बघून हसले.

"मला काय विचारतेस, टेप? यंत्र सांगतंय तुझं. मी कुठं शिकलोय."

आणि मधला टेकू ठोकला.

पहिले दोन निघाले तेव्हा काही झालं नाही. तिसऱ्याला वरून धूळ पडली. चौथा निघाला आणि एक करकर आवाज आला, लांबलचक, जुनं दार उघडावं तसा, आणि स्लॅब मधोमध दोन बोटं खाली बसला. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत एक भेग उघडली. सर ओरडले, टेकू घाला, टेकू घाला. गवंडी आणि टेप दोघांनी खांदा लावून टेकू परत ठोकले. वन्सं वळकटी छातीशी धरून दारातच उभ्या राहिल्या. त्यांना कुणी बाजूला हो म्हणालं नाही.

मग गवंडी शिडी चढले. स्लॅब पडल्यापासून पहिल्यांदा. मी खालून गुडघ्याचा आवाज ऐकला. त्यांनी थापीच्या टोकानं वरचं थोडं खरवडलं तर माझं फडकं फिरवलेलं सिमेंट कांद्याच्या सालीसारखं निघालं. त्यांनी ते बोटांत चुरडलं.

"पाणी," एवढंच म्हणाले, कुणाला उद्देशून नाही.

त्या संध्याकाळी मी सगळं सांगितलं, सर गेल्यावर, तिघांच्या समोर. पिंप, टँकर, वन्संना बोलले ते, फडकं, सगळं. वाटलं होतं गवंडी हात उचलतील. ते म्हणाले, एकदा चढून बघायला मला काय धाड भरली होती. आणि गुडघ्यावर मूठ मारत राहिले, वन्संनी हात धरला तेव्हा थांबले. टेपनं डायरी उघडली, वाचली, मिटली.

पंधरा दिवसांनी विद्यापीठाचं पत्र आलं. त्यांचं म्हणणं, ठोकळे एवढे पक्के आणि स्लॅब एवढा कच्चा, म्हणजे मुलीनं ठोकळ्यांत गुपचूप जास्तीचं सिमेंट घातलं. असं करणारे असतात म्हणे. समितीपुढं या. मी म्हटलं, मी येणार. टेप नको म्हणाली. मी कसली ऐकते.

विद्यापीठात अंगणात शिकवण्यासाठी नुसत्या भिंती बांधून ठेवल्या होत्या, घर कुठलंच नाही, प्रत्येकीला पाटी. मी एकीला हात लावून बघितला तर शिपायानं हटकलं. आत तीन माणसं बसली होती, मधे एक बाई. समोर पाण्याचे ग्लास, त्यातले दोन अर्धे पिऊन ठेवलेले. मला खुर्ची दिली पण मी उभीच राहिले. माझ्या टाचांच्या भेगांतलं सिमेंट त्या फरशीवर दिसत होतं. मी सांगितलं, चोरी नाही झाली, काँक्रीट तेच होतं, मीच घमेली वाहिलीत. सहा ठोकळ्यांना पाणी दिलं, घराला नाही दिलं. पोरीची परीक्षा ठोकळ्यांत आहे असं मला वाटलं. अडाणी आहे मी, पण खोटारडी नाही. आणि मग म्हटलं, नाही, खोटारडीसुद्धा आहे, पण सिमेंटची चोर नाही.

मधल्या बाईंनी नीट ऐकून घेतलं. बाजूच्या दोघांशी बोलल्या. म्हणाल्या, हे पटण्यासारखं आहे, सिमेंटचा आरोप आम्ही सोडतो. मी पोरीकडं बघितलं, म्हटलं, सुटलीस. तिचं तोंड पांढरंफटक होतं. तिला पुढचं कळलं होतं.

बाईंनी डायरी पुढं ओढली आणि वाचायला लागल्या. दिवस चौथा, दोन वेळा पाणी दिले, सही. दिवस पाचवा, दोन वेळा पाणी दिले, सही. असे नऊ दिवस वाचले. मग चष्मा काढला.

"तू बघितलंस का हे?"

टेप म्हणाली, "नाही."

मी मधे पडले. म्हटलं, मी सांगितलं होतं तिला, रोज फोनवर, खोटं मी बोलले, तिनं तर मी सांगितलं तेच लिहिलं. मी जितकं बोलत होते तितकी ती आणखी खाली बघत होती. बाई माझ्यावर चिडल्या नाहीत. चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, "ताई, उद्या लोक हिच्या सहीखाली झोपणार. न बघता केलेली सही म्हणजे काय, ते तुम्हीच आता सांगितलंत."

पदवी रोखली. दोन वर्षांनी पुन्हा अर्ज करता येईल, नव्यानं घर बांधून दाखवायचं. टेपनं विचारलं, कुणाचं? पंचक्रोशीत बातमी आमच्या आधी पोचली होती. येताना बसमध्ये मी तिला म्हटलं, मला शिव्या दे, काहीतरी बोल. ती म्हणाली, आई, खिडकीची काच लाव, धूळ येतेय.

स्लॅब आम्हीच फोडला. चार दिवस लागले. गवंडी आणि टेप वर घण मारत होते, मी आणि वन्सं खाली तुकडे वाहत होतो. वाकलेल्या सळया वेगळ्या केल्या. काँक्रीट वरून पापडासारखं निघायचं आणि आतून मात्र तळाशी चांगलं होतं, म्हणून हात जास्त दुखले. भिंती राहिल्या, चारही सरळ, खिडकी बरोबर वाऱ्याच्या अंगाला. मग वन्संच्या खोपटाचे जुने पत्रे काढून त्या भिंतींवर टाकले आणि वर दगड ठेवले. वन्सं वळकटी आत घेऊन गेल्या, एकदा चहूकडं बघितलं आणि मला म्हणाल्या, वहिनी, भिंती तरी पक्क्या झाल्या हो, माझ्या विटा वाया नाही गेल्या. त्यांच्या मनात काही नव्हतं, हे मला माहीत आहे. म्हणूनच मला त्यांच्याकडं बघवत नाही. दुपारी त्या पूर्वीसारख्याच येऊन बसतात, उंबऱ्याच्या बाहेर. मी आत या म्हणते. त्या म्हणतात, इथं बरंय.

टेप आता आमच्याबरोबर जीपवाल्याच्या साइटवर येते. घमेलं उचलते. पहिल्या दिवशी मी तिच्या डोक्यावर चुंबळ ठेवायला गेले तर तिनं आधीच स्वतः करून आणली होती, नीट, घट्ट. सुपरवायझर कधीमधी चुकीचं माप सांगतो. गवंडी तिच्याकडं बघतात, ती मान खाली घालून पुढं जाते. खुर्चीचं आणि काठीचं गवंडी आता बोलत नाहीत. गुडघ्याला फडकं बांधतात आणि चढतात.

गेल्या आठवड्यात तिथल्या दोन भिंतींना गिलावा झाला. साइटला कुठून कोण जाणे पाणी भरपूर आहे, मोठा नळ आहे. संध्याकाळी गिलाव्यावर पाणी मारायचं काम माझ्याकडं आलं. मी नळी उचलली, अंगठा तोंडाशी धरला, पहिला फवारा भिंतीवर गेला. तेवढ्यात टेप पलीकडून घमेलं टाकून आली. माझ्याजवळ उभी राहिली आणि माझ्या बोटांतून नळी काढून घेतली, अगदी हलक्या हातानं.

"राहू दे आई," म्हणाली, "मी बघते."

रागानं म्हणाली असती तर मी उलटून काही बोलले असते. ती भिंतीकडं तोंड करून पाणी मारत राहिली, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, एक बोटभर जागा न सोडता. मी तिचं टाकलेलं घमेलं उचललं आणि विटांच्या ढिगाकडं गेले.